पकड, गादी आणि खर्ज : महागडे हेडफोन पारखताना

महागडे ओव्हर-इअर हेडफोन घ्यायला निघालेला माणूस सहसा दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो : त्यांचा आवाज कसा आहे, आणि ते डोक्यावर किती वेळ सुखाने राहतात. परीक्षणे लिहिणारेही या दोन्हींना वेगळे गुण देऊन मोकळे होतात, त्यामुळे वाचणाऱ्याची अशी समजूत होते की आवाज हा यंत्राचा गुण आहे आणि आराम हा वरच्या सजावटीचा. प्रत्यक्षात कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये या दोन्ही प्रश्नांचा निकाल बऱ्याच अंशी एकाच जागी लागतो, आणि ती जागा म्हणजे कानाभोवती टेकणारी गादी. ती किती दाबली जाते, कुठे नीट टेकते, कुठे उचलली जाते आणि कानाला किती जागा देते, यावर जबडा दुखेल की नाही हे जसे ठरते, तसेच खर्ज भरून येईल की पोकळ वाटेल हेही ठरते. एकाच हेडफोनबद्दल दोन जाणकारांची मते टोकाची वेगळी पडतात, तेव्हा त्यांपैकी एकाचा कान कच्चा आहे असे मानण्याचे कारण नसते. गादी दोघांच्या डोक्यावर वेगळी बसल्यामुळे दोघांनी खरोखरच वेगळा आवाज ऐकलेला असू शकतो.

आरामाचा विचार वजनापासून सुरू करण्याची पद्धत आहे, कारण वजन आकड्यात सांगता येते. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा आहे, सेनहायझरचा एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा, फोकलचा यूटोपिया ४९० ग्रॅमचा, आणि ऑडेझीचा एलसीडी-एक्स तर ६१२ ग्रॅमचा. हा शेवटचा आकडा ऐकून घाबरायला होते आणि मानेच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, पण टाळूला जो त्रास होतो तो एकूण वजनाचा नसतो. ते वजन किती जागेवर पसरले आहे याचा असतो. डोक्यावर हंडा नेणारी बाई हंड्याचे वजन कमी करत नाही, खाली चुंबळ घेते. चांगल्या हेडबँडचे कामही तेवढेच आहे. एअरपॉड्स मॅक्सच्या वरच्या बाजूला ताणलेली जाळी आहे ती याचसाठी, आणि एलसीडी मालिकेच्या नंतरच्या आवृत्त्यांत कमानीखाली रुंद लवचिक पट्टा आला तोही याचसाठी. याउलट हलक्या हेडफोनची कमान अरुंद आणि तिच्याखालचा फोम पातळ असेल, तर तासाभरात टाळूवर एकच बिंदू ठसठसू लागतो. केस विरळ असलेल्यांना तो लवकर जाणवतो, ही गोष्ट जाहिरातीत कधीच लिहिलेली नसते.

वजन सगळेच टाळूवर पडते असेही नाही. दोन्ही कप बाजूंनी डोके दाबून धरतात, त्या पकडीमुळे गादी आणि त्वचा यांच्यात घर्षण निर्माण होते, आणि वजनाचा काही भाग ते घर्षण पेलते. पकड सैल केली की गालांना आणि जबड्याला बरे वाटते, पण तेवढेच वजन वर टाळूकडे सरकते आणि मान खाली घातली की हेडफोन पुढे घसरतो. पकड घट्ट केली की टाळू सुटते, पण कानामागचे हाड आणि जबड्याचा सांधा तक्रार करतो. या देवघेवीतून कोणत्याही किमतीचा हेडफोन सुटलेला नाही. एचडी ६०० आणि त्याचा भाऊ एचडी ६५० नवे असताना चांगलेच करकचून बसतात, काही आठवड्यांच्या वापरानंतर मऊ होतात, आणि म्हणूनच दुकानात पाच मिनिटे घालून त्यांच्याबद्दल दिलेला निकाल फारसा भरवशाचा नसतो. ज्यांना धीर नसतो ते रात्रभर हा हेडफोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवतात. कमानीतल्या पोलादी पट्ट्या ते सहन करतात, मात्र कमान सगळी प्लॅस्टिकची असेल तिथे हा प्रयोग करू नये.

गादीच्या आतल्या पोकळीकडे ग्राहक क्वचितच पाहतो. तिची लांबी-रुंदी कानापेक्षा मोठी हवीच, पण खोलीही तितकीच महत्त्वाची आहे, कारण पुढे आलेल्या कानाची कडा आतल्या कापडाला किंवा ड्रायव्हरच्या (आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या) जाळीला सतत घासत राहिली, तर दोन तासांनी तिथे आग होऊ लागते. सेनहायझरच्या एचडी ८०० एस मध्ये ही पोकळी इतकी ऐसपैस आहे की कानाला कशाचाही स्पर्श होत नाही, आणि ३३० ग्रॅम वजन असूनही तो आरामासाठी नावाजला जातो, यात या मोकळ्या जागेचा मोठा वाटा आहे. गादीचे कापड हा पुढचा मुद्दा. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० सारख्या हेडफोनच्या मखमली गाद्यांतून हवा थोडी खेळते. कृत्रिम चामड्याच्या गाद्या मऊ आणि गुळगुळीत असतात, पण मे महिन्यात मुंबईत किंवा पणजीत पंख्याखाली बसून त्या घातल्या की अर्ध्या तासात कानाभोवती घामाचे कडे उमटते. जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या परीक्षकाने आरामाला दिलेले गुण आपल्याकडे आणताना एवढी वजावट करावीच लागते.

आता याच गादीचे आवाजातले काम पाहू. शंभर हर्ट्झच्या स्वराची हवेतली लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, म्हणजे कपच्या आतल्या चिमूटभर हवेपेक्षा कितीतरी पट मोठी. एवढ्या लहान जागेत लहर धावत नाही. ड्रायव्हरचा पडदा पुढे आला की आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो, मागे गेला की एकदम घटतो, आणि हा चढ-उतारच आपल्याला खर्ज म्हणून ऐकू येतो. दाब टिकायचा तर हवा कोंडलेली हवी. गादीला कुठेही फट राहिली की पडद्याच्या संथ हालचालींना हवा त्या फटीतून निसटायला पुरेसा वेळ मिळतो आणि खर्ज विरतो, तर वेगवान हालचालींवर म्हणजे वरच्या स्वरांवर फारसा परिणाम होत नाही. बंद कपाच्या हेडफोनमध्ये चष्म्याची काडी गादीखालून गेली की नेमके हेच घडते. कानाच्या वर, काडीच्या दोन्ही बाजूंना, गादी कातडीपासून केसभर उचललेली असते. बोटाने चाचपले तर ती फट सापडते. दाढी, जाड वेणी, कानातल्या कुड्या, गालाच्या हाडाखालची खोलगट जागा, या सगळ्यांचा परिणाम त्याच जातीचा.

हे तपासायला उपकरण लागत नाही. तबल्यातला डग्गा स्पष्ट ऐकू येईल अशी एखादी ध्वनिफीत लावावी आणि ऐकता ऐकता दोन्ही तळव्यांनी कप डोक्याकडे हलकेच दाबावेत. डग्ग्याची घुमक एकदम भरून आली, तर आपल्या डोक्यावर गादी नीट बसत नाही असे समजावे. फरक जवळजवळ पडलाच नाही, तर ती बसते आहे. नंतर चष्मा काढून तीच चाचणी पुन्हा करावी. दुकानातल्या गोंगाटातही दोन मिनिटांत होणारी ही परीक्षा दहा परीक्षणे वाचण्यापेक्षा अधिक सांगून जाते, असे माझे मत आहे.

मागची बाजू उघडी असलेले हेडफोन या हिशेबात थोडे वेगळे बसतात. ही रचना सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ या हेडफोनने बाजारात रुजवली. उघड्या कपातून पडद्यामागचा आवाज बाहेर जातो, कपाच्या भिंतींवर आपटून परत येत नाही, त्यामुळे वाद्ये कानाला चिकटल्यासारखी न वाटता थोडी बाहेर, मोकळ्या जागेत असल्यासारखी वाटतात. कपातली उष्णताही निघून जाते, म्हणजे आरामालाही फायदा. एचडी ६०० सारख्या हेडफोनच्या कापडी गाद्यांतून हवा मुळातच थोडी झिरपत असल्याने चष्म्याने फारसे बिघडत नाही, मात्र त्याची किंमत आधीच चुकती केलेली असते : या हेडफोनमध्ये अगदी तळाचा खर्ज उतरत जातो आणि कितीही दाबले तरी तो पुरता येत नाही. शास्त्रीय गायन, सतार, सारंगी ऐकणाऱ्याला याचे काही वाटणार नाही. चित्रपटातला स्फोट छातीत जाणवायला हवा असणाऱ्याला नक्की वाटेल. शिवाय उघडा हेडफोन शेजारच्याला सगळे ऐकवतो आणि शेजारच्याचे सगळे आपल्याला, म्हणून तो घरातल्या शांत खोलीचा सोबती आहे, लोकलचा नाही.

आवाज ‘सपाट’ असावा, म्हणजे सगळ्या स्वरांना समान न्याय मिळावा, असे म्हटले जाते, पण हेडफोनच्या बाबतीत सपाट कशाला म्हणायचे हाच मोठा पेच होता. समोरच्या स्पीकरचा आवाज आपल्यापर्यंत येताना खांदे, डोके आणि कानाची पाळी त्याला आकार देतात, आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कानाची नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर स्वतःच बऱ्यापैकी वाढवते. जन्मापासून आपण याच वाढीसह ऐकत आलो असल्याने ती आपल्याला जाणवत नाही. हेडफोन मात्र डोके आणि खांदे यांना वळसा घालून थेट कानाशी आवाज करतो, त्यामुळे ही वाढ त्याला स्वतः पुरवावी लागते; पुरवली नाही तर गायकाचा आवाज पडद्यामागून आल्यासारखा मंद वाटतो, आणि जास्त पुरवली तर तो कर्कश होतो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतरच्या काळात अनेक श्रोत्यांना, कोणता नमुना चालू आहे हे न कळू देता, ऐकवून या प्रश्नाचा माग काढला. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर कानाशी जसे ऐकू येतात त्याच्या जवळ जाणारा आवाज, खर्ज थोडा भरीव करून, बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो, असे त्यांना आढळले, आणि त्यातून निघालेला आलेख आज हार्मन वक्र म्हणून ओळखला जातो. तो पसंतीचा आलेख आहे, निसर्गनियम नव्हे. काहींना त्याहून कमी खर्ज आवडतो, काहींना जास्त.

परीक्षणांतले आलेख पाहताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. ही मोजमापे सिलिकॉनचे कान लावलेल्या कृत्रिम डोक्यावर घेतात, आणि त्या डोक्याला गादी जशी बसते तशीच आपल्याला बसेल असे नाही. खालच्या स्वरांतला फरक फटीमुळे पडतो हे वर पाहिले. वरच्या स्वरांतला फरक वेगळ्या कारणाने पडतो. दहा हजार हर्ट्झची लहर जेमतेम ३.४ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे कानाच्या पाळीतल्या खोबणी आणि घड्या यांच्याच मापाची, त्यामुळे प्रत्येकाच्या कानावर ती वेगळ्या तऱ्हेने आपटते, आणि हेडफोन बोटभर पुढे-मागे सरकला तरी आलेखाचे वरचे टोक बदलते. झांजेची किणकिण एकाला चमकदार वाटते आणि दुसऱ्याला टोचते, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. एचडी ८०० च्या मालिकेत ड्रायव्हर कानाच्या थोडा पुढे आणि तिरका बसवला आहे, जेणेकरून आवाज समोरच्या स्पीकरसारखा पाळीवर पडून मग आत जावा, आणि त्या मालिकेच्या गाजलेल्या प्रशस्त ध्वनिमंचामागे, म्हणजे वाद्ये समोर पसरून बसल्याच्या भासामागे, हे एक महत्त्वाचे कारण आहे. एवढी मोठी पोकळी राखायची तर गादी कानापासून दूर, सरळ कवटीवर आणि जबड्यावर टेकवावी लागते, आणि तिथे कान दुमडला जात नाही. आवाजासाठी घेतलेला निर्णय इथे आरामाच्याही पथ्यावर पडला.

प्लॅनर हेडफोनमध्ये गणित उलटे होते. साध्या ड्रायव्हरमध्ये तारेची छोटी गुंडाळी एका पडद्याला मधून ढकलते. प्लॅनरमध्ये अतिशय पातळ फिल्मवर सर्वभर वाहक पट्ट्या असतात आणि शेजारच्या चुंबकांमुळे जवळजवळ संपूर्ण पडदा एकसाथ हलतो. त्यामुळे खर्ज खालपर्यंत सरळ उतरतो आणि त्यात विकृती कमी असते, पण एवढ्या मोठ्या पडद्याला पुरतील इतके चुंबक म्हणजे वजन. एलसीडी-एक्सचे ६१२ ग्रॅम बहुतांशी असेच आले आहेत. तिथला डग्गा एकदा ऐकल्यावर पुन्हा ऐकावासा वाटतो हे खरे, परंतु दिवसभर संपादनाचे काम करणाऱ्याने तो घेण्याआधी सलग दोन तास डोक्यावर ठेवून पाहावा.

प्रवासासाठी घेतल्या जाणाऱ्या गोंगाट-रोधक हेडफोनचा मूळपुरुष अमर बोस. त्यांचे वडील ननी गोपाल बोस हे इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेत गेलेले बंगाली क्रांतिकारक. अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानातल्या घरघरीत हेडफोन नीट ऐकू येईना, आणि त्यांनी प्रवासातच यावरचे गणित मांडायला घेतले. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला आणि सामान्य प्रवाशांसाठीचा क्वाएटकम्फर्ट २००० मध्ये. कपावरचे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि हेडफोन त्याच्या अगदी उलटी लहर तयार करून दोघांची वजाबाकी करतो. ही वजाबाकी संथ, सलग घरघरीवर उत्तम चालते, साधारण हजार हर्ट्झच्या वर मात्र वेळेचा मेळ साधणे कठीण होत जाते, आणि तिथून पुढचे काम पुन्हा गादीलाच करावे लागते. विमानात जो हेडफोन जादूसारखा वाटला तो लोकलमध्ये रुळांचा गडगडाट दाबतो, पण विक्रेत्याची हाळी आणि शेजारच्या फोनवरचे बोलणे आत येऊ देतो, याचे कारण हेच. काहींना हे तंत्र चालू केल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटते. हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो, पण त्रास खरा असतो, आणि आरामाच्या परीक्षेत तो मोजलाच पाहिजे.

या जातीच्या हेडफोनचा एक उपेक्षित गुण असा की कपाच्या आतला मायक्रोफोन फटीतून गळणारा खर्जही ओळखू शकतो. एअरपॉड्स मॅक्स गादी कशी बसली आहे त्यानुसार आवाज सतत सुधारत राहतो. चष्मा लावणाऱ्याला बंद हेडफोन हवा असेल, तर ही सोय किमतीचा काही भाग वसूल करून देते. भारतात ५९,९०० रुपयांना आलेल्या त्या हेडफोनची सगळी किंमत मात्र तेवढ्यावर वसूल होत नाही, असे मला वाटते.

दोन हेडफोन शेजारी ठेवून तुलना करताना सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीने होते. खालच्या पातळीवर आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे दोनपैकी जो हेडफोन किंचित मोठ्याने वाजतो तो आपोआप भरीव आणि स्पष्ट वाटतो. म्हणून आधी एकाच गायकाचा मधल्या सप्तकातला आवाज दोन्हींवर सारखा ऐकू येईल अशी पातळी लावून घ्यावी, आणि मगच डग्गा, तानपुऱ्याची जवारी, झांज यांकडे वळावे. जवारी ही फार चांगली कसोटी आहे, कारण तिच्यात खालच्या स्वरावर वरच्या स्वरांची दाट गर्दी असते : वरचा भाग दबलेला असेल तर तानपुरा मुका वाटतो, आणि उसळलेला असेल तर तारांचा नुसता झिणझिणाट उरतो. आरामाची तुलना याच्या उलट रीतीने करावी लागते. दोन हेडफोन झटपट आलटून-पालटून घातल्याने काही कळत नाही; एकेक तास एकच हेडफोन घालून, चष्म्यासह, नेहमीच्या खुर्चीत बसावे आणि आपला हात तो सारखा करायला आपसूक किती लवकर वर जातो याकडे लक्ष द्यावे.

विजेच्या आणि ब्लूटूथच्या बाबी त्या मानाने लवकर आटोपतात. एचडी ६०० आणि एचडी ८०० एस ३०० ओहमचे आहेत, म्हणजे विजेला बराच रोध करणारे, त्यांना फोनच्या साध्या डोंगलपेक्षा बरा ॲम्प्लिफायर द्यावा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत मिळतो, फोनसाठी त्यातला पहिला घ्यावा. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची सोनीची पद्धत (कोडेक) एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेते, पण गर्दीच्या स्थानकावर ती अडखळते आणि साध्या कोडेकशी तिचा जो फरक पडतो तो चष्म्याच्या काडीने पडणाऱ्या फरकापेक्षा लहान असतो. तासन्‌तास ऐकणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे : आठवड्याला ४० तास ऐकायचे तर सरासरी पातळी ८० डेसिबल, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा. हेडफोन जितका सुखाचा, तितके तास नकळत वाढतात.

शेवटी गादीचे आयुष्य. आतला फोम वापराने बसत जातो, त्यामुळे कान ड्रायव्हरच्या जवळ सरकतो, पोकळी आक्रसते आणि खर्जाचा व वरच्या स्वरांचा तोल हळूहळू ढळतो. रोज ऐकणाऱ्याला हा बदल कळतही नाही. कृत्रिम चामड्यातले पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने विघटित होते, म्हणून कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत अशा गाद्यांचे काळे पापुद्रे काही वर्षांत गालाला चिकटू लागतात, मग हेडफोन कितीही महाग असो. खरेदीपूर्वी त्या कंपनीची सुटी गादी भारतात मिळते का आणि ती घरी बदलता येते का, हे विचारून घ्यावे. एअरपॉड्स मॅक्सची गादी चुंबकाने बसते, एचडी ६०० ची बोटांनी ओढून निघते, काहींना मात्र दुरुस्तीवाल्याकडे न्यावे लागते. बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या बनावटीच्या जाड, मऊ गाद्या स्वस्त आणि आरामाच्या असतात, पण त्यांची खोली व कापड मूळ गादीसारखे नसल्याने आवाज बदलतो, कधी कधी ओळखू न येण्याइतका. घरातल्या जुन्या हेडफोनची नव्याशी तुलना करायची असेल, तर आधी जुन्याला त्याच्याच कंपनीची नवी गादी बसवून घ्यावी आणि मग ऐकायला बसावे. पुष्कळदा त्यानंतर नव्याची गरजच उरत नाही.